दोन ओळींचा राग

ज्या सकाळी तिचं टेबल खोलीतून उचलून व्हरांड्यात टाकलं, त्याच सकाळी त्या टेबलावर एक परका माणूस पाय हलवत बसला होता आणि पेरू खात होता.

ती जिना चढून आली ती कागदांची भेंडोळी छातीशी धरून. पाणीपुरवठ्याच्या त्या कार्यालयात सात वर्षं ती नकाशे काढत होती... हातानं, शाईनं, श्वास रोखून. टेबलाचा एकेक ओरखडा तिच्या ओळखीचा. उजव्या पायाखाली कागदाची घडी सरकवली की ते डुगडुगत नाही, हे जगात तिला एकटीला माहीत. आणि आज पायाखाली घडी नव्हती, वर माणूस होता.

"उठा," ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग पेरूकडं, जणू हुकूम नेमका कोणाला सुटलाय ते ठरत नव्हतं. "टेबल तुमचं आहे का?"

"कालपर्यंत होतं. आज धर्मशाळा झालीय. उठा."

तो उठला. उठताना रसाचे दोन थेंब टेबलावर ताणून चिकटवलेल्या कागदावर पडले, आणि त्या भल्या माणसानं लगबगीनं रुमाल काढून ते पुसले. झालं! तीन दिवस खपून काढलेला निळा ओढा, वळणावळणाचा, लाजत मुरडत गेलेला, त्या एका रुमालासरशी दोन्ही काठांवरच्या शेतांत शिरला.

तो ओशाळला. शाई वाळली असेल असं वाटलं होतं, म्हणाला.

"शाईला वाळायला दोन दिवस लागतात," ती म्हणाली. "अकलेला यायला किती लागतात, ते तुम्ही सांगा."

कार्यालयात तिला सगळे काटकोन म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागं. पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. रेघ सरळ, बोलणं सरळ, आणि वळायची वेळ आलीच तर अशी वळणार की समोरच्याला कोपरा लागावा.

अर्ध्या तासानं कळलं, तो पेरूवाला म्हणजे तिचा मास्तर.

सांगितलं मोठ्या बाईंनी. त्या कार्यालयाच्या प्रमुख. केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. नकाशाच्या जुन्या खोलीत चार कॉम्प्युटर मांडले होते, त्यांच्यासमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या की आजपासून नकाशे हा कॉम्प्युटर काढणार. पण नुसतं बटण दाबून नाही, त्याला कामं त्याच्या भाषेत सांगावी लागतात, आणि त्या भाषेचं नाव पायथन. हे मास्तर गावोगाव ती शिकवत फिरतात, इथं तीन आठवडे आहेत. जुन्या तीन रजिस्टरांत गावातल्या दोनशे चौदा सार्वजनिक विहिरी नोंदल्या आहेत. त्या या मशीनच्या नकाशावर बसवायच्या. तो नकाशा घेऊन पंपवाले विहिरी उपसायला जातील. जो कोणी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत हा प्रोग्राम स्वतः लिहील, नकाशाची खुर्ची त्याची.

नाही जमलं तर, असं तिनं विचारलं.

"आवक-जावकला एक खुर्ची रिकामी आहे," बाई म्हणाल्या.

आवक-जावक म्हणजे आलेल्या पत्रावर शिक्का, गेलेल्या पत्रावर शिक्का. सात वर्षं नद्या वळवलेल्या हातानं आता शिक्के मारायचे! तिच्या कानशिलांशी ऊन पेटलं. रजिस्टरं सांभाळणारे दप्तरवाले काका शेजारी कुजबुजले, "पायथन म्हणजे अजगर गं पोरी. आधी विळखा घालतो. गिळतो नंतर, सावकाश."

"मला गिळायचं तर चावावं लागेल," ती म्हणाली.

शिकणारे तिघं होते. बाकी दोघं दुसऱ्या दिवसापासून जांभया देऊ लागले. जागी राहिली ती एकटीच, कारण राग आलेल्या माणसाला झोप येत नाही. या भाषेची तऱ्हाच अशी, की रागच यावा. मशीनला सांगायचं, प्रत्येक विहिरीसाठी अमुक कर, तमुक कर. आणि ते अमुक-तमुक डावीकडं थोडी जागा सोडून, आत सरकवून लिहायचं. जागा एक घर कमी पडली, की पडद्यावर लाल अक्षरं. एक घर जास्त झाली, तरी लाल अक्षरं.

"एका रिकाम्या जागेसाठी एवढा तमाशा?" तिनं विचारलं.

"या भाषेत रिकामी जागाही बोलते," मास्तर म्हणाला.

"मग तुम्ही का बोलता एवढं?"

तो गप्प बसला. चांगला दहा मिनिटं गप्प बसला. खिडकीच्या पत्र्यावर अवेळी पावसाची भुरभुर वाजत होती, आणि ती ऐकता ऐकता तिला वाटलं, ह्याची बोटं लांब आहेत... मग त्या वाटण्याचाही राग आला.

सहाव्या दिवशी तिनं पहिल्या दहा विहिरी नकाशावर टाकल्या. गावाच्या नैर्ऋत्य टोकाला एक शून्याचा दगड आहे. प्रत्येक विहीर त्याच्यापासून किती मीटर उत्तरेला आणि किती मीटर पूर्वेला, असे दोन आकडे रजिस्टरात. तिनं ते होते त्या क्रमानं मशीनला दिले आणि बटण दाबलं. दहाच्या दहा ठिपके निळ्या तळ्याच्या पोटात जाऊन बसले.

मास्तरला हसू फुटलं. "तळ्यात," तो म्हणाला, आणि बाकीच्या दोघांकडं वळून, "आता मळ्यात कधी?"

जांभया देणारे दोघंही हसले. रजिस्टरात आधी उत्तर, मग पूर्व. मशीनला हवी आधी पूर्व, मग उत्तर. आकडे उलटे करून द्यायला हवे होते... एवढंच ते होतं. त्यानं नंतर समजावलंही. पण तोवर ती खोलीबाहेर होती.

रागाचं कसं असतं! दारातून हाकलावा तर खिडकीतून येतो, खिडकी लावावी तर उशाशी येऊन बसतो. दुसऱ्या दिवशी ती खोलीत गेलीच नाही. व्हरांड्यात आपल्या टेबलापाशी बसून राहिली. दुपारी मास्तर बाहेर आला. हातात कॉम्प्युटर, मागं फरपटत आलेली लांबच लांब वायर. त्यानं तो टेबलाच्या एका कडेला ठेवला, कागदाला धक्का न लावता.

"मी हसायला नको होतं," तो म्हणाला.

"हसायला हरकत नव्हती. तुम्ही माणसं गोळा करून हसलात."

त्यानं मान हलवली. सबब सांगितली नाही, हे तिनं टिपून ठेवलं.

मग व्हरांड्यातच शिकणं सुरू झालं. तासभर तो शिकवी; मग ती वाहून गेलेला ओढा नव्या कागदावर काढायला घेई, आणि तो बघत बसे. एकदा निब वळणावर आली, तिनं श्वास रोखला, आणि तिला जाणवलं की शेजारचाही श्वास थांबलाय. रेघ पुरी झाली. दोघांनी एकदमच श्वास सोडला. काय हवं ते विचारून तो तिला चहा आणून देई, आणि ती त्यात साखर कमी, पावडर जुनी, कपाला वास अशी खोट काढल्याशिवाय पीत नसे. पण पीत असे.

घरी आई शिवणयंत्रावर बसून हिशेब ठेवी. एका संध्याकाळी दोऱ्याचं टोक ओलं करत तिनं विचारलं, "आज त्या मास्तराला दोनदाच नावं ठेवलीस. ताप-बीप नाही ना आलेला?"

दोन रजिस्टरं सरळ गेली. तिसरं अडलं. ओढ्यापलीकडच्या अडतीस विहिरी त्यात होत्या, आणि अक्षर वेगळं होतं... उजवीकडं नाही, डावीकडं कललेलं. तिनं दप्तरवाल्या काकांना विचारलं, तेव्हा ते इतके हसले की त्यांना खोकला आला. चाळीस वर्षांपूर्वी इथं दोन मोजणीदार होते म्हणे. एकमेकांचं तोंड पाहत नसत. ओढ्याअलीकडचा आधी उत्तर लिही, म्हणून पलीकडच्यानं हट्टानं आधी पूर्व लिहायला घेतली आणि मरेपर्यंत ते सोडलं नाही. म्हणजे तिसऱ्या रजिस्टरातले आकडे मशीनला हवे तसेच होते. ते उलटे करायचे नव्हते!

शुक्रवारी दुपारी, एकटीनं, तिनं आपल्या एकशे दहा ओळींत आणखी दोन बसवून एकशे बारा केल्या: जर रजिस्टर तिसरं असेल, तर आकडे आहेत तसेच घे. बटण दाबलं. अडतीस विहिरी पाखरांसारख्या आपापल्या जागी उतरल्या. त्या आनंदात तिला पहिली आठवण कोणाची झाली, ते ती आईलाही सांगणार नव्हती. मास्तर त्या दिवशी बाहेर होता. बरंच झालं, तिला वाटलं. सोमवारी सगळ्यांसमोर नकाशा लागेल, आणि मग आपण त्याला हळूच सांगू, की दोन म्हाताऱ्यांचं चाळीस वर्षांचं भांडण मी दोन ओळींत पकडलं.

सोमवारी नकाशा भिंतीवर लागला. खोलीतल्या भिंतीएवढा. मोठ्या बाई बराच वेळ बघत राहिल्या आणि "छान" म्हणाल्या. बाईंच्या तोंडून हा शब्द कोणी ऐकला नव्हता. पंपवाले दाराशी उभेच होते.

तिनं मात्र भिंतीवर आपली गल्ली शोधली होती. गल्लीत, आईच्या शिवणाच्या खिडकीसमोर, तिसऱ्या रजिस्टरातली विहीर असायला हवी होती. तिथं काही नव्हतं. ती विहीर गावाच्या दुसऱ्या टोकाला, बसस्टँडच्या मागं जाऊन पडली होती. आणि तिच्या मागोमाग ओढ्यापलीकडच्या साऱ्याच.

"बाई," ती म्हणाली, "हा नकाशा चुकलाय."

बाईंनी विचारलं, चूक कोणाची. तिनं मशीनसमोर बसून प्रोग्राम उघडला. वरून खाली, खालून वर. तिच्या दोन ओळी नव्हत्या. खूण नाही, खोडल्याचा डाग नाही... दगड बुडाल्यावर पाणी मिटतं, तशी ती जागा मिटली होती. कागदावर निदान रबराचा खरखरीतपणा तरी उरतो!

"त्या दोन ओळी मी काढल्या," मास्तर मागून म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. शनिवारी सगळ्यांचे प्रोग्राम गोळा करताना त्याला त्या दिसल्या. आकडे तसेच घे — ही तर सहाव्या दिवसाची तळ्यातली चूक, चुकून मागं राहिलेली, असं त्याला वाटलं. म्हणून त्यानं गुपचूप काढून टाकल्या.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "मग उरलेल्या एकशे दहा कोणाच्या?"

"त्यांच्याच, बाई. एकूण एक."

"हात लावला हे तुम्ही आत्ता सांगितलंत. किती लावला, ते मी कशावरून ओळखायचं?"

एका माणसाच्या दयेनं तिच्या एकशे बारा ओळी भर सकाळी बेवारस झाल्या. बाईंनी निकाल दिला: उद्या सकाळी दहाला, कोऱ्या पडद्यावर, माझ्यासमोर, पुन्हा. आणि मास्तर, तुम्ही फाटकाबाहेर.

तो तिच्या मागोमाग व्हरांड्यात आला. ती पाठमोरी उभी होती, दोन्ही हात टेबलावर.

"आज सगळ्यांसमोर परत तेच झालं असतं तर..." तो म्हणाला. "तुम्ही हरलेलं मला बघवलं नसतं."

"मग डोळे मिटायचे. हात कशाला लावलात?"

"मला वाटलं..."

"तुम्हाला वाटलं, ही चुकणारच. तीन आठवडे शेजारी बसलास, माझा चहा कसा लागतो ते तुला कळलं, आणि हे नाही कळलं? एक हाक मारायची होती. हे काय लिहिलंयस म्हणून. तेवढं तोंड उघडत नव्हतं?" तुम्ही कधी गळून पडलं, तिला कळलंही नाही. "तू कोण रे माझी चूक पुसणारा? माझी चूकसुद्धा माझी असते. आणि ही तर चूकही नव्हती."

तो इतक्या हळू बोलला, की भुरभुरत्या पावसात ते वाहूनच जायचं.

"कोणी नाही. अजून नाही... व्हायचं होतं."

तिच्या छातीत काहीतरी लक्कन हललं. आणि त्याचाही तिला इतका राग आला, इतका राग आला, की ती छत्री न घेता घरी गेली.

दुसऱ्या दिवशी दहाला ती कोऱ्या पडद्यासमोर बसली. बाजूला मोठ्या बाई, त्यांच्या हातात न प्यालेला चहा. पहिली ओळ. दुसरी. डावीकडं जागा सोडून आत. एकदा लाल अक्षरं आली. तिनं ती शिव्या वाचाव्यात तशी शांतपणे वाचली आणि सुटलेलं एक घर भरलं. पुन्हा आली, पुन्हा भरलं. शुक्रवारी ओळी एकशे बारा होत्या, आज एकशे चारच झाल्या. रागात माणूस कमी बोलतो. शेवटी तिनं त्या दोन ओळी लिहिल्या. बटण दाबलं. दोनशे चौदा ठिपके जागच्या जागी.

बाईंनी चहा खाली ठेवला. एवढा प्रोग्राम तुमचा, यात मला शंका नाही, त्या म्हणाल्या. पण तिसरं रजिस्टर उलटं आहे, हे कशावरून?

काकांनी सांगितलं, ती म्हणाली. अक्षरही वेगळं आहे.

"काकांच्या गोष्टीवर मी पंप धाडू? मोजून आणा. मग खुर्चीचं बोलू."

गल्लीतली विहीर गल्लीतच आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण सरकारी कागदाला माहीत चालत नाही, मीटर लागतात. ओढ्याच्या पुलाची जागा पक्की मोजलेली होती. पुलाच्या खांबापासून विहीर मोजली की झालं. मशीनच्या हिशेबानं ते अंतर बासष्ट मीटर. तिनं तीस मीटरची फीत घेतली. आता फितीचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. काकांचे गुडघे जिन्यावरच थकायचे, आणि जांभया देणारे दोघं नेमके कुठंतरी कामाला गेले होते.

फाटकाबाहेर मास्तर उभा होता. दहापासून. उभं राहायला सांगितलं म्हणून उभा, डोक्यावर रुमाल, तो भिजून चिंब.

तिनं फितीचं टोक त्याच्या हातात दिलं, जणू समन्स बजावलं. "धरा. बोलू नका."

पुलाच्या खांबाशी त्यानं फितीची पितळी कडी टेकवून धरली, ती ओढ्याकाठानं चालत गेली, खुंटी ठोकली. तीस. मग तो खुंटीशी आला, ती पुढं गेली. साठ. उरलं ते एक मीटर नव्वद. काठावर गवत ओलं होतं, आणि फीत दोघांमध्ये ताठ, थरथरती. तिकडं त्याचा हात जरा हलला की इकडं तिच्या बोटांना कळायचं.

"एकसष्ट नव्वद," ती म्हणाली.

"तुमचं बरोबर होतं."

"मला माहीत होतं."

"मला नव्हतं," तो म्हणाला. "म्हणून तर विचारायचं असतं."

तिनं वही पुढं केली. मोजणीवर साक्षीदाराची सही लागते. तो बराच वेळ लिहीत होता. सहीला एवढा वेळ? पण मोजणी जाताना एकदा करतात तशी येतानाही करावी लागते, तेव्हा वही परत देऊन तो फितीचं टोक घेऊन पुलाकडं चालू लागला, आणि तेवढ्यात तिनं वाचलं. *एकूण ओळी एकशे बारा, सर्व यांच्या. मी एकही लिहिली नाही. दोन खोडल्या, त्या बरोबर होत्या. न विचारता खोडल्या.* खाली सही, तारीख, वेळ.

येतानाही एकसष्ट नव्वदच भरलं. तिनं मोठ्या बाईंना फोन लावला आणि आकडा सांगितला, मग वहीतलं वाचून दाखवलं, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. मग बाई म्हणाल्या, खुर्ची तुमची, आणि फोन ठेवला.

ती आता खुंटीपाशी उभी होती. तो पूर्ण तीस मीटरवर, पुलाच्या खांबाशी, कडी धरून. तिनं फीत गुंडाळायची मूठ फिरवायला घेतली आणि त्याला हात केला: सोडा टोक, येईल आपोआप. त्यानं सोडलं नाही. फीत चिखलातून फरपटेल, म्हणाला. मग जशी मूठ फिरेल, तसं त्याला पाऊल टाकावं लागलं. एक फेरा, एक पाऊल. एक फेरा, एक पाऊल.

"माझा राग गेलेला नाही," तो वीस मीटरवर आला तेव्हा ती म्हणाली.

"दिसतोय इथून."

"लवकर जाणारही नाही."

"मला घाई नाही. परवापासून पुढच्या गावाला आहे मी. बसनं तासाभराचं अंतर."

"तिथं कोण शिकणार?" आवाज तिनं शक्य तितका सरळ ठेवला.

"दोन आजोबा. दोघांना ऐकू कमी येतं."

तिला हसू आलं. तिनं ते ओठांत चावून धरलं आणि मूठ जरा जोरात फिरवली. त्याला चार पावलं पळावं लागलं.

"त्यांच्या ओळी खोडू नकोस."

"नाही," तो म्हणाला. "संध्याकाळची शेवटची बस इकडं येते. मी त्या बसनं यावं का... हे विचारतोय. आधी विचारतोय."

तिनं मूठ फिरवत ठेवली. पाच मीटर. तीन. पावसाचं पाणी त्याच्या कपाळावरून भुवईत, भुवईतून गालावर. दीड. रीळ भरत आली, फीत संपली. उरली फक्त ती पितळी कडी, आणि तिच्यात अडकलेली त्याची दोन लांब बोटं.

"रोज नको," ती म्हणाली. "एक दिवस आड ये."

आणि कडी जवळ ओढली. रागानंच.